दोन छपरांमधली पन्हळ

९ मार्च

सूनबाईने ही वही हातात दिली. म्हणाली, "बाबा, गोठ्याचं जे काही डोक्यात आहे ते यात लिहा. रोज नवीन सांगता, मग मला कालचं कोणतं नि आजचं कोणतं कळत नाही." तिचं चूक नाही. माझं डोकं भरभर चालतं, ऐकणाऱ्याची दमछाक होते.

तर मुद्दा असा. सुनेने लहानाच्या मोठ्या केलेल्या सहा कालवडी गाभण आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी विणार. जुन्या गोठ्यात आता शेळीसुद्धा मावणार नाही. तेव्हा मागच्या बाजूला, लांबीला लांबी जोडून, चौदा फूट रुंद वाढीव गोठा बांधायचा. मुलगा दुधाचा टँकर चालवतो. घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. म्हणजे हे काम माझ्याकडे आलं. यायलाच हवं होतं. जुना गोठा माझ्या हातचा आहे. भिंती गवंड्याने उचलल्या, पण छप्पर मी चढवलं आणि जमीन मी गुडघ्यावर बसून ओढून घेतली. साठ फुटांत पाच इंच उतार, शेणखड्ड्याकडे. बादली ओतली की पाणी वाटेत कुठे न थांबता खड्ड्यापाशी हजर. आजही लोक बघायला येतात. म्हणजे एक पाहुणा आला होता.

अडचण एकच आहे आणि ती गोठ्याची नाही. मागच्या वर्षी बाजारात मला चक्कर आली. डॉक्टरने कानात बॅटरी घालून बघितलं आणि सांगितलं, कानातला तोल बिघडलाय, यापुढे शिडी, झाड, माळा काही चढायचं नाही. पडलात तर पुन्हा उठाल याची खात्री नाही. आमच्या हिने ते वाक्य पाठ केलं आहे. मी स्टुलावर चढून बल्ब बदलायला गेलो तरी म्हणून दाखवते. कान माझे उत्तम आहेत. बांधापलीकडे कोणी माझ्याबद्दल बोललं तर मला इथे ऐकू येतं.

छप्पर बांधायचं आणि चढायचं नाही! पोहायला जा पण ओला होऊ नकोस, त्यातला प्रकार.

१२ मार्च

आज गोठा बांधला. फक्कीने, जमिनीवर, खऱ्या मापाचा. माझी पद्धत ही अशीच आहे. कागदावरचं घर कागदालाच कळतं. खांबांच्या जागी विटा, भिंतींच्या जागी पांढऱ्या रेघा, पन्हळीच्या जागी पाण्याचा जुना पाइप. मग घरच्यांना आत फिरायला लावलं.

सून कालवड असल्यासारखी गव्हाणीपाशी उभी राहिली, मागे किती जागा उरते ते बघितलं, वळून बघितलं, "बरं आहे" म्हणाली. ही मात्र चहाचा ट्रे घेऊन सरळ भिंतीतून आत आली.

"अगं, दार तिकडे आहे."

"मग भिंत बांधा, म्हणजे दारातून येईन."

आता छपराचं. तीन वाटा आहेत. पहिली, जुन्या छपराचा उतार तसाच पुढे ओढायचा. पण चौदा फूट पुढे गेल्यावर कडा इतकी खाली येते की माझं डोकं आपटेल आणि जनावरांना वारा मिळणार नाही. बाद. दुसरी, नवं छप्पर जुन्यासारखंच दोन पाख्यांचं, म्हणजे दोन्हीकडे उतरतं, करायचं आणि दोन्ही छपरं जिथे भेटतील तिथे मधोमध एक मोठी पन्हळ बसवायची; दोन्हीकडचं पाणी तिच्यात आणि तिच्यातून थेट शेणखड्ड्याच्या उलट टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीत. तिसरी वाट सुनेची. जुन्या छपराच्या कडेखाली फूटभर जागा सोडून नवं एकपाखी छप्पर लावायचं, उतार अगदी हळू, आणि पन्हळ पार बाहेरच्या कडेला.

मला दुसरी आवडते. रुबाब आहे तिच्यात.

१४ मार्च

सुनेशी वाद. वाद म्हणजे ती बोलली आणि मी समजावलं.

ती म्हणते, "मधली पन्हळ तुंबली तर पाणी कुठे जाईल, बाबा? सरळ गायींच्या पाठीवर."

"तुंबू दिली तर. वर्षातून एकदा साफ करायची."

"कोण करणार? छपराच्या मधोमध आहे ती. खालून हात पोचत नाही. कोणीतरी वर चढायलाच हवं."

"आजवर कोण चढत आलं?"

ही स्वयंपाकघरात होती, तिथून भांडं ठेवल्याचा आवाज आला, जरा मोठाच.

सांगायचं म्हणजे, आमची वाटणी ठरलेली आहे. दरवर्षी पावसाआधी मी चढतो, पन्हळीतला पाला काढतो, पत्र्यांचे हूक आवळतो. ही खाली शिडी धरते. लग्न झाल्यापासून असंच चाललंय. सोपं काम आहे तिचं, उभं राहायचं. मागच्या वर्षी चकरेमुळे तेवढं राहिलं.

१९ मार्च

पत्रेवाला येऊन गेला. आम्ही त्याला होऊनजाईल म्हणतो, कारण काहीही विचारा, उत्तर तेच. "पत्रे वेळेवर येतील ना?" होऊन जाईल. "पन्हळीचा पत्रा जाड हवा." होऊन जाईल. "तुमच्या मुलीचं लग्न झालं का?" होऊन जाईल. पण हात चांगला आहे त्याचा. मधल्या पन्हळीचं ऐकून त्याने डोकं खाजवलं, रुंदी किती धरायची विचारलं. दोन छपरांचं पाणी, म्हणून दीड फूट रुंद आणि फूटभर खोल धरली. आपल्या बाजूने कंजुषी नको. पन्हळ अरुंद ठेवणं म्हणजे लग्नाला हजार माणसं बोलवायची आणि दार एकच उघडं ठेवायचं.

२३ मार्च

विशेष काही नाही. शिडी रंगवली. ही म्हणाली, "हिला कशाला रंग?" म्हटलं, लोखंड आहे, गंजतं. ती माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी काही चोर नाही.

२ एप्रिल

शिडी सापडत नाही. गोठ्यात नाही, कडब्यामागे नाही, टाकीमागे नाही. सगळ्यांना विचारलं. सून म्हणते मला माहीत नाही. मुलगा झोपेत म्हणाला मला माहीत नाही. ही म्हणाली, "शिडीला पाय असतात, गेली असेल कुठे."

दुपारी चप्पल शोधायला वाकलो तर शिडी आमच्या पलंगाखाली. ताज्या रंगाची, चादरीत गुंडाळून. आता बायकोशी भांडायचं तर आधी तिला हे विचारायला हवं की एवढी लांब शिडी तिने एकटीने आत आणली कशी. मी विचारलं नाही. परत गोठ्यात नेऊन ठेवली.

८ एप्रिल

आज ब्रॅकेट बसले. मधली पन्हळ जुन्या गोठ्याच्या मागच्या खांबांवर बसणार, तेव्हा प्रत्येक खांबाला ब्रॅकेटची उंची आखून दिली. पातळी बघायची पाण्याची नळी काढली तर उंदरांनी कुरतडलेली. होऊनजाईल म्हणाला, उद्या दुसरी आणतो. म्हटलं, उद्या कशाला? जमीन आहे की खाली, माझ्या हातची. एक सरळ बांबू घेतला, त्यावर खूण केली, प्रत्येक खांबाला जमिनीपासून मोजत गेलो. शेणखड्ड्याच्या टोकाला उंची जास्त, टाकीच्या टोकाला दोन इंच कमी. साठ फुटांना दोन इंच उतार पन्हळीला पुष्कळ झाला. पाणी टाकीत कसं पळत जातं बघा.

होऊनजाईल वर चढून छिद्रं पाडत होता आणि मी खाली बांबू धरून उभा. मान दुखली. खाली उभं राहण्यात काही मजा नाही.

११ एप्रिल

एक गोष्ट लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचत नाही असं धरून.

दूध सून काढते. टँकर मुलगा चालवतो. घर, पैपाहुणे, भाजीपाला, माझी औषधं हे सगळं हिच्याकडे. गेल्या वर्षीपर्यंत मला कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी म्हणायचो, छप्पर माझ्याकडे आहे. पावसाळ्यात बाहेर धो धो चालू असताना आत जनावरं कोरडी उभी असतात, तेव्हा ही उगीचच म्हणायची, "एक थेंब नाही हो." बस, तेवढं.

आता मी चढायचं नाही तर मग इथे मी काय करायचं? खुर्चीवर बसून लोकांना सल्ले द्यायचे? तसे म्हातारे मी खूप बघितलेत. त्यांच्यापासून लोक लांबून जातात.

असो. मधली पन्हळच योग्य आहे. तांत्रिक कारणं वर दिली आहेत.

१५ एप्रिल

पन्हळीचा पत्रा ब्रॅकेटवर ठेवून झाला. बाकी छप्पर अजून यायचंय, पण एवढं झाल्यावर पाणी सोडून बघितलं नाही तर मी कसला कारागीर? दुपारी सून गावात खाद्य आणायला गेली, मुलगा झोपला, ही शेजारी बसायला गेली. मी शिडी शेणखड्ड्याच्या टोकाला लावली, बादली घेतली आणि चढलो. मस्त चढलो. चार पायऱ्या चढेपर्यंत वाटलं, डॉक्टरला बोलावून दाखवावं.

वर पोचून पन्हळीत बादली ओतली. पाणी पुढे जायला हवं होतं, टाकीकडे. ते थोडं पुढे गेलं, थांबलं, आणि परत माझ्याकडे आलं. खरंच परत आलं! हळूहळू, अंगणात ओळखीचं कुत्रं यावं तसं. मग पन्हळीच्या उघड्या तोंडातून माझ्या पायांवर आणि तिथून खाली शेणखड्ड्यात. मी हे कसं काय म्हणून वाकून पन्हळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला गेलो. साठ फूट लांब सरळ पत्रा उन्हात चमकत होता. तो एकदम तिरका झाला. मग छप्पर, मग झाड, मग सगळंच फिरायला लागलं. मी खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला माहीत नाही. हाक मारायचा विचार आला, पण हाक कोणाला मारायची आणि काय म्हणून मारायची? चढायचं नाही असं ज्याला सांगितलंय त्याने वरून ओरडायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मग खालून आवाज आला, "अहो."

ही ओरडली नाही. शिडी घट्ट झाली तेवढं मला पायाला कळलं.

"डोळे उघडू नका. डावा पाय खाली घ्या. डावा हो. नाही, दुसरा डावा." मी पाय खाली घेतला. "आता उजवा. शेजारणीने नवीन पडदे घेतलेत, इतके भडक की डोळे दिपतात. डावा. तिला म्हटलं छान आहेत, काय करणार. उजवा. आणखी एक. तिची सून म्हणे नोकरी सोडणार. डावा." पडदे, सून, शेजारणीचा गुडघा असं करत मी जमिनीवर आलो.

खाली आल्यावर हिने मला भिंतीपाशी बसवलं, आत जाऊन चहा केला. चहात साखर दोनदा पडली होती. हिचं हल्ली लक्ष नसतं.

१६ एप्रिल

सकाळी सावकाश डोकं चालवलं आणि चूक सापडली. चूक पन्हळीची नाही, जमिनीची! मी उंची जमिनीपासून मोजली. जमिनीला खड्ड्याकडे पाच इंच उतार. पन्हळीला मी जमिनीपासून उलटा उतार दिला दोन इंचांचा. म्हणजे खरं बघता पन्हळ अजून तीन इंच खड्ड्याकडेच कललेली. गोठ्याची जमीन सपाट नसते हे जगातल्या कोणालाही विसरता येईल, पण ज्याने ती स्वतः ओढली त्याने?

मी हे सगळ्यांना चहाच्या वेळी सांगितलं. लपवून काय उपयोग? सून हसून हसून खाली बसली. म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमची पन्हळ बरोबर होती, पृथ्वीच वाकडी निघाली." मुलगासुद्धा जागा होऊन हसला. मीही हसलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं.

"पण हे कळलं कधी?" सुनेने विचारलं. "पाणी कोणी ओतलं?"

मी हिच्याकडे बघितलं. ही चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "माझ्या हातून ओतलं गेलं. खालून पाइप धरला होता." हिला खोटं बोलता येत नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो.

हसली मात्र नाही ही. सगळे हसत होते आणि ही कपांत चहा ओतत होती.

१८ एप्रिल

एक नवा विचार सुचला आहे. उगाच फुशारकी म्हणून नव्हे, पण चांगला आहे.

मधली पन्हळ रद्द. ब्रॅकेट वरखाली करून ती दुरुस्त झाली असती, अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण विचार केला, की पन्हळ दोन छपरांच्या मधोमध आली तर ती तुंबल्यावर पाणी जनावरांच्या पाठीवर येणार. शिवाय साफ करायला वर चढावं लागणार. त्यापेक्षा नवं छप्पर एकपाखी करावं, जुन्याच्या कडेखाली फूटभर जागा सोडून, म्हणजे त्या फटीतून गरम हवाही निघून जाईल. पन्हळ बाहेरच्या कडेला, सव्वासात फुटांवर. लांब दांड्याच्या झाडूने जमिनीवर उभं राहून साफ होईल. जुन्या मागच्या पाख्याचं पाणी नव्या छपरावर पडणार, म्हणून पन्हळ तेवढीच रुंद ठेवायची. उतार कमी आहे, तेव्हा पत्र्यावर पत्रा चढवताना चांगला वीतभर चढवायचा, नाहीतर वाऱ्याने पाणी उलटं आत शिरेल.

सुनेला सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "छान सुचलं हो बाबा तुम्हाला." चेहरा एकदम सरळ. गुणी पोर आहे. मोठ्यांचा विचार पटला की मान्य करते.

हिला सांगितलं तेव्हा ही कपडे वाळत घालत होती. तिने माझाच सदरा दोनदा झटकला, तीनदा झटकला, आणि मग तोंडावर धरून उभी राहिली. मी म्हटलं, "ओला आहे तो." म्हणाली, "माहितीये."

२९ एप्रिल

खांब उभे. या वेळी पाण्याची नवी नळी आणली, उंदरांच्या हाती लागू नये म्हणून उशाशी घेऊन झोपतो. जमीन गेली खड्ड्यात. म्हणजे उतार खड्ड्याकडेच आहे, पण मोजमाप आता पाण्याने. बाहेरच्या पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत बरोबर तीन इंच, टाकीकडे. सुनेने दुसरं टोक धरलं होतं. "पुन्हा एकदा बघू," असं मी दोनदा म्हणालो आणि ती दोनदा निमूट गेली.

९ मे

पत्रे चढले. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. आधी लाज वाटली. मग एक गंमत कळली. छपरावर असलं की माणसाला पायाखालचा पत्रा दिसतो, छप्पर दिसत नाही. खालून, जरा लांबून, एक डोळा मिटून बघितलं की कडेची सगळी रेघ एका नजरेत येते. चौथा पत्रा बोटभर बाहेर होता. मी ओरडलो. होऊनजाईल म्हणाला, होऊन जाईल. म्हटलं, होऊन नाही जायचं, आत्ता काढ. त्याने काढला, परत बसवला, खाली उतरून माझ्या शेजारी येऊन एक डोळा मिटून बघितला. म्हणाला, "मालक, इथे बसायचा रोज काय घ्याल? पुढच्या कामाला येता का?"

चेष्टेत म्हणाला. पण मी दिवसभर जरा ताठ बसलो होतो.

१४ मे

पत्र्यावर ऊन तापतं, म्हणून काम सकाळीच उरकतात. हूक लागले. जुन्या छपराच्या कडेला पट्टी लागली. ही आज खुर्चीशेजारी येऊन बसली, शेंगा सोलत. मी तिला समजावून सांगितलं की वाऱ्याचा पाऊस फटीतून आत का येणार नाही. जुनं छप्पर दीड फूट पुढे आलंय म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे नाही येणार." ही टर होती की विश्वास, ते मी विचारलं नाही. मी विश्वास धरून चाललो.

२० मे

काम संपलं. आता पाण्याची परीक्षा. पाइप जुन्या छपराच्या आढ्यापर्यंत, म्हणजे अगदी माथ्यापर्यंत, वर न्यायचा, तिथून पाणी सोडायचं. ते जुन्या पाख्यावरून नव्यावर, नव्यावरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीत यायला हवं. आलं तर गोठा पास. होऊनजाईल दुसऱ्या कामावर गेलेला, मुलगा टँकर घेऊन बाहेर. सून टाकीपाशी जाऊन उभी राहिली. शिडी मी बाजूच्या भिंतीला, आढ्याखाली लावली. पाइप खांद्यावर घेतला आणि सवयीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. अगदी सवयीने. देवाशप्पथ, मनात काही नव्हतं.

"सरका," ही म्हणाली.

मला वाटलं, शिडी धरायला आली. तिने माझ्या खांद्यावरचा पाइप काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला, पदर खोचला आणि चढायला लागली.

"अगं तू? तुला काय येतं वर?"

"पाइप धरायचाय ना? शेंगा सोलायच्यात का?"

"खाली ये. मी सुनेला बोलावतो."

"तुम्ही शिडी धरा," ती म्हणाली. तिचा आवाज वरून येत होता. तिचा आवाज मी आजवर कधी वरून ऐकला नव्हता.

मी शिडी धरली. दोन्ही हातांनी. ती एकेक पायरी वर जात होती आणि शिडी माझ्या हातात किरकिरत होती. किती साधी शिडी, किती बारीक लोखंड! असल्या शिडीवर कोणी माणूस कसं चढवतं? मला छप्पर दिसत नव्हतं, पाइप दिसत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे हिच्या टाचा होत्या. त्यांना खोल भेगा आहेत. डाव्या टाचेची तर पार आतपर्यंत गेलेली. एवढं दुखत असणार आणि मला माहीतच नव्हतं.

वर पोचल्यावर ती म्हणाली, "अहो, इथून आपलं घर केवढंसं दिसतं. आणि रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"पाणी सोड आणि खाली ये."

"बघू तर द्या."

"खाली ये गं!" मी ओरडलो. मला भीती वाटत होती. ही पडली तर मी काय करणार, एवढा एकच विचार होता, त्याच्या पुढे डोकं जात नव्हतं.

ती उतरेपर्यंत मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. तिचा पाय जमिनीला लागला तेव्हा मी तिचा दंड धरला आणि सोडायला विसरलो. सून टाकीकडून धावत आली, ओल्या हातांनी टाळ्या वाजवत.

"बाबा! काय पाणी आलं! एक थेंब इकडेतिकडे नाही. टाकीत धार अशी पडली, बघितलीत ना?"

अडीच महिने ज्या धारेसाठी मी फक्की, बांबू, नळी, खुर्ची असं सगळं केलं, ती धार पडली होती. पत्र्यावर आवाज झाला असेल, पन्हळ भरून वाहिली असेल. मला काही आठवेना.

"नाही बघितली," मी म्हटलं.

"अहो, मग करत काय होतात?"

ही माझ्या हातातून स्वतःचा दंड सोडवून घेत होती. तीच म्हणाली, "टाचा बघत होते ते. शिडी धरली की दुसरं काही दिसत नाही गं, मला विचार."

आणि हात पुसत चहा टाकायला आत गेली.